मधलं पद फोडावं, सूत्र लावावं की वजाबाकी करावी?

गुणोत्तरीय बैजिक राशीला (म्हणजे अंश आणि छेद दोन्ही बहुपदी असलेल्या अपूर्णांकाला) सरळ रूप द्यायचं म्हटलं की हात आपोआप मधलं पद फोडायला जातो. सहगुणक लहान असतील तर तेच योग्य. (क्ष² + ५क्ष + ६) / (क्ष² − ९) घ्या. वर (क्ष + २)(क्ष + ३), खाली (क्ष − ३)(क्ष + ३). सामाईक (क्ष + ३) गेला, उरलं (क्ष + २) / (क्ष − ३). इथे दुसरी रीत शोधत बसू नका.

खरी निवड करावी लागते ती अशा ठिकाणी:

(१२क्ष² − ७क्ष − १०) / (१५क्ष² + ७क्ष − २)

फोड करून. अंशासाठी गुणाकार १२ × (−१०) = −१२० आणि बेरीज −७ येईल अशी जोडी हवी. १२० च्या आठ जोड्या आहेत. १ × १२० पासून क्रमाने गेलात तर ८ × १५ सातवी सापडते. मग छेदासाठी पुन्हा तोच शोध. जोडी दिसली की काम सुरेख होतं, पण ती कधी दिसेल हे आपल्या हातात नसतं.

वर्गसमीकरणाच्या सूत्राने. इथे अंदाज नाही. अंशाचा विवेचक (सूत्रात वर्गमुळाखाली येणारी संख्या) ४९ + ४८० = ५२९, म्हणजे २३ चा वर्ग; मुळं, म्हणजे राशी शून्य करणाऱ्या क्ष च्या किमती, ५/४ आणि −२/३. विवेचक पूर्ण वर्ग नसता तर परिमेय सहगुणकांचे अवयव पडतच नाहीत हेही लगेच कळलं असतं, आणि हा या रीतीचा मोठा फायदा. धोका एकच: मुळांवरून अवयव लिहिताना पुढचा १२ विसरतो आणि उत्तर बिघडतं.

वजाबाकीने. मला सगळ्यात आवडते ती ही रीत, आणि ती फार कमी शिकवली जाते. आपल्याला सगळे अवयव कुठे हवे आहेत? हवा आहे फक्त सामाईक. जो अवयव दोन्ही राशींना भागतो तो त्यांच्या पटींच्या वजाबाकीलाही भागणारच. छेदाची ५ पट अंशातून वजा करा, म्हणजे −१० उडेल:

१२क्ष² − ७क्ष − १० − ७५क्ष² − ३५क्ष + १० = −६३क्ष² − ४२क्ष = −२१क्ष(३क्ष + २)

क्ष हा सामाईक असू शकत नाही, कारण दोन्हीकडे स्थिर पद आहे. उरला (३क्ष + २). त्याने भाग जातो का ते पाहायचं: अंश (३क्ष + २)(४क्ष − ५), छेद (३क्ष + २)(५क्ष − १). उत्तर (४क्ष − ५) / (५क्ष − १).

प्राचीन ग्रीक गणिती युक्लिडची मसावि (महत्तम सामाईक विभाजक) काढण्याची रीत हीच. संख्यांऐवजी बहुपदींवर चालवलेली. बीजगणित करणाऱ्या संगणक प्रणाल्याही अशा राशी साध्या करताना पूर्ण अवयव पाडण्याऐवजी मसावि काढतात. घनबहुपदी समोर आली की हिचं मोल कळतं, कारण तिथे फोड सहज सुचत नाही आणि वर्गसमीकरणाचं सूत्र लागू होत नाही.

म्हणून माझा सल्ला असा. दोन्हीपैकी एका राशीचे अवयव नजरेत भरत असतील तर तेवढेच पाडा आणि त्यांची मुळं दुसरीत घालून पाहा. पहिल्या उदाहरणात क्ष = −३ घातलं की अंश ९ − १५ + ६ = ० होतो, झालं काम. दोन्ही राशी अवघड असतील तर वजाबाकी. सूत्र ठेवा वर्गराशीचे अवयव पडतात की नाही अशी शंका असेल तेव्हासाठी.

रीत कुठलीही घ्या, छेद शून्य करणाऱ्या किमती मूळ राशीवरूनच लिहा. पहिल्या उदाहरणात (क्ष + ३) कापला गेला तरी क्ष = −३ चालत नाही.