मुरुडशेंगेवर पारखलेलं 10 पटीचं भिंग

रानात झाडं बघायला नव्याने निघालेल्या माणसाने पहिले पैसे कशावर घालावेत, असं कोणी विचारलं तर मी घडीचं, 10 पटीचं भिंग सांगते. दुर्बीण आणि कॅमेरा नंतर. माझं भिंग तीन काचा जोडून केलेलं, 21 मिमी व्यासाचं आहे. 450 रुपयांना मिळालं. एका काचेच्या स्वस्त भिंगात मधलं तेवढंच नीट दिसतं, कडेला सगळं वाकडं होतं आणि रंग फुटतात. यात कडेपर्यंत स्वच्छ दिसतं.

पारखायला मुरुडशेंग घेतली. येऊरच्या पानगळीच्या जंगलात वाटेला लागूनच तिची झुडपं आहेत, फुलं-पानं डोळ्यांच्या उंचीला येतात, आणि उन्हाळ्यात निष्पर्ण झाली तरी वाळक्या शेंगा फांद्यांवर असतातच. हे राष्ट्रीय उद्यानाचं जंगल, इथे काही तोडायचं नाही. पान झाडावर ठेवूनच बघता येतं, हा भिंगाचा मोठा फायदा.

मुरुडशेंगेचं पान हाताला खरखरीत लागतं. का, ते पान उलटं करून भिंगातून पाहिलं की समजतं. त्यावरचे केस सुटे, एकेकटे नाहीत. एकाच बिंदूतून चहूबाजूंनी फुटलेल्या चांदण्या आहेत, शिरांवर तर एकीला एक खेटून. नुसत्या डोळ्यांना ही फक्त राखाडी लव दिसते. शाळेतली मुलं सोबत असतात तेव्हा मी आधी काहीच सांगत नाही, पानाकडे बोट दाखवते. "बाई, चांदण्या!" असं कोणीतरी ओरडतंच, आणि मग भिंग माझ्या हाती लवकर परत येत नाही.

पावसाळ्यात फुलं येतात. उमललेलं फूल विटकरी लाल असतं, जुनं होताना शिशासारखं निळसर करडं पडतं, त्यामुळे एकाच फांदीवर दोन रंग दिसतात. पाकळ्यांच्या बाहेर एक लांब, वाकडा दांडा येतो. पुंकेसर आणि बीजांडकोश दोन्ही त्याच्या टोकाला, मध मात्र खाली तळाशी. सूर्यपक्षी मधासाठी चोच आत घालतो तेव्हा त्याचं डोकं या टोकाला घासतं. ते टोक भिंगाखाली धरा, फुटलेल्या परागकोशांतले पराग दिसतील. पुढे नुकत्या धरलेल्या कोवळ्या शेंगेत पाच पदर एकमेकांभोवती पीळ घालताना दिसतात. बाळगुटीत उगाळतात ती हीच शेंग; वाळलेली काष्ठौषधींच्या दुकानात मिळते, घरी बसून निवांत बघायला ती उत्तम.

भिंग धरायची रीत शिकावी लागते. ते डोळ्याला जवळजवळ टेकवायचं आणि पान किंवा फूल जवळ आणायचं, साधारण 25 मिमीवर. हात लांब करून धरलं तर काही दिसत नाही. आपली सावली पानावर पडणार नाही असं उभं राहायचं. दाट झाडीत पावसाळी उजेड कमी पडतो, तिथे मोबाइलचा दिवा बाजूने मारावा.

तक्रार एकच, पण खरी. घडीचा स्क्रू पावसाळ्यात सैल झाला आणि काच आपोआप बाहेर डोकावू लागली. चष्म्याच्या दुकानात तो आवळून घेतला. सोबत आलेली रेक्झिनची पिशवी निकामी आहे, त्यापेक्षा गळ्यात अडकवायला जाड दोरी ओवा.

खोक्यावर 30 पट छापलेल्या स्वस्त भिंगांच्या नादी लागू नका. दुकानातच फूटपट्टी घेऊन बघा: खरोखर 30 पट असेल तर वस्तू 8 मिमीच्या आसपास आणल्यावरच स्पष्ट व्हायला हवी. 25 मिमीवर स्पष्ट झाली तर ते 10 पटीचंच आहे. तसंही खरं 30 पट रानात कामाचं नाही. इतक्या जवळ स्वतःच्याच डोक्याचा अंधार पडतो, आणि वाऱ्याने जरा पान हललं की चांदणी हातची जाते.