रेड हेडेड स्ट्रेंजर: विली नेल्सनचं ३३ मिनिटांचं आख्यान
विली नेल्सन हा कंट्री, म्हणजे अमेरिकन ग्रामीण लोकसंगीताचा गायक. त्याचा हा अल्बम शफलवर लावू नका. सुट्या गाण्यांचा हा गठ्ठा नाही. बायको जुन्या प्रियकराबरोबर गेली म्हणून दोघांना गोळ्या घालणारा धर्मोपदेशक आणि त्यानंतरची त्याची घोड्यावरची भटकंती, अशी सलग गोष्ट आहे. ‘टाइम ऑफ द प्रीचर’ची धून पालुपदासारखी परत येते, आणि दर वेळी मधे काहीतरी घडून गेलेलं असतं. क्रम मोडला की ती नुसतीच पुनरुक्ती वाटते.

१९७५ साली टेक्सासमधल्या गारलंडच्या ऑटम साउंड स्टुडिओत हे रेकॉर्डिंग झालं. कंट्रीचं केंद्र असलेल्या नॅशव्हिल शहरातल्या संगीतात तेव्हा व्हायोलिनांचे ताफे आणि मागे कोरस नेहमीचेच होते. इथे त्यातलं काहीच नाही. कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीच्या अधिकाऱ्यांना तर हा कच्चा डेमोच वाटला. पण करारानुसार शेवटचा शब्द नेल्सनचा होता. त्यातलंच ‘ब्लू आइज क्राइंग इन द रेन’ कंट्रीच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिलं आलं. गायक म्हणून त्याचं हे पहिलंच अव्वल गाणं.

फ्रेड रोजने लिहिलेलं हे गाणं अगदी साधं आहे. तीनच कॉर्ड (एकत्र वाजवायचे स्वरसमूह), त्यामुळे गिटार शिकणारे पहिल्या महिन्यातच ते वाजवू लागतात. अडतं ते गाताना. नेल्सन शब्द ठेक्यावर ठेवत नाही. ओळ उशिरा उचलतो आणि शेवटी घाईने गाठतो. ठेक्याला चिकटून गायलं की हेच गाणं बाळबोध होतं.

‘ट्रिगर’ ही त्याची गिटार म्हणजे नायलॉनच्या तारांची मार्टिन एन-२०. ती बोटांनी वाजवायची, पण हा पिकने (बोटांत धरायच्या छोट्या पट्टीने) वाजवतो आणि पिकअप, म्हणजे तारांचा आवाज टिपणारं यंत्र, लावून अ‍ॅम्प्लिफायरमधून काढतो. म्हणून तिचा आवाज मऊ असूनही टोकदार लागतो. (पिकच्या घासण्याने तिच्या लाकडाला भोक पडलंय, ते वेगळंच.) बहीण बॉबीचा पियानो ‘जस्ट अ‍ॅज आय अ‍ॅम’मध्ये एकटाच ऐकावा.

रेकॉर्डची दुसरी बाजू मात्र सैल आहे. ‘डेन्व्हर’नंतर ‘ओअर द वेव्ज’ आणि ‘डाउन यॉन्डर’ हे दोन वाद्यतुकडे लागोपाठ येतात आणि गोष्टीचा धागा हातातून सुटतो. ‘हॅन्ड्स ऑन द व्हील’ तो पुन्हा पकडतं.

फोनच्या स्पीकरवर बी स्पिअर्स या वादकाचा बास गिटार जवळजवळ नाहीसा होतो, आणि वाद्यं मुळातच मोजकी असल्याने गाणी पोकळ वाटतात. हेडफोन हवेतच. जुनी एलपी (तबकडी) घेणार असाल तर आधी पियानोचा भाग लावून पाहा: ओरखड्यांची खरखर लपवायला इथे मागे दुसरं वाद्यच नाही. २००० सालच्या सीडीवर जास्तीचे तुकडे जोडलेत. ‘बॅन्डेरा’ संपलं की थांबवा. गोष्ट तिथेच संपते.