चावीचं घड्याळ, आठ महिने रोज वापरून : एचएमटी जनता

दिवाळीनंतर मी एचएमटी जनता घेतलं, जुनंच, पण साफ करून तेलपाणी करून दिलेलं, १८०० रुपयांना. आठ महिने रोज हातात आहे तेव्हा आता लिहायला हरकत नाही. आधीच सांगते, मला घड्याळांमधलं फार कळत नाही, मी हे घेतलं ते फोनमुळे. किती वाजले बघायला फोन उचलायचे आणि वीस मिनिटांनी खाली ठेवायचे, आणि वाजले किती ते बघायचं राहूनच गेलेलं असायचं. सकाळी तर फारच. दूध तापत ठेवलंय, फोन हातात, ऑफिसचे मेसेज, दूध उतू.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, एचएमटी म्हणजे हिंदुस्तान मशीन टूल्स ही सरकारी कंपनी, १९६१ मध्ये जपानच्या सिटिझनबरोबर करार करून बंगळुरूला घड्याळांचा कारखाना काढला. दहावी पास झालेल्या मुलाला नाहीतर लग्नात जावयाला एचएमटी, हे आपल्याकडे घरोघरी होतं. २०१६ मध्ये सरकारने घड्याळांची कंपनी बंद करायचा निर्णय घेतला. जनता हे त्यांचं अगदी साधं मॉडेल, तबकडीवर तारीख नाही, वार नाही, तास मिनिट सेकंद एवढंच. आत १७ ज्वेलचं मशीन (ज्वेल म्हणजे आतली चाकं झिजू नयेत म्हणून बसवलेले बारीक खडे), सेल नाही, रोज चावी द्यायची. माझ्या तबकडीवर नाव देवनागरीत आहे, एच एम टी आणि खाली जनता, ते बघूनच मी भुलले खरं तर. मापाने आजच्या घड्याळांपुढे लहान आहे त्यामुळे पुरुषांचं असूनही बाईच्या हाताला छान बसतं.

आता मुख्य गोष्ट, चावी. सकाळी साडेसहाला चहाचं आधण ठेवते, आलं किसून टाकते आणि पाणी उकळेपर्यंत ओट्याशी उभी राहून चावी देते. घड्याळ हातातून काढून द्यायची हं, मनगटावर असताना वाकडा जोर येतो आणि दांडी खराब होते असं घड्याळवाल्या काकांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. कडेची छोटी गोल चावी अंगठा आणि पहिल्या बोटात धरायची, पुढे मागे पुढे मागे, बारीक करकर आवाज येतो. सुरुवातीला मोजायचे, साधारण तीस वेळा होतं, आता मोजत नाही कारण शेवटी शेवटी स्प्रिंग भरत आली की बोटांना कळतं, घट्ट लागायला लागतं आणि मग एका जागी थांबतं, तिथे आपणही थांबायचं, पुढे जोर लावायचा नाही. मग कानाला लावते. सेकंदाला पाच टिक, ताशी १८०००, ते मोजता येत नाही पण ऐकायला इतकं बरं वाटतं की पाणी उकळलं तरी मी अजून दोन मिनिटं तशीच उभी असते. एवढ्या वेळात पूर्वी माझे ऑफिसचे निदान चार मेसेज वाचून झालेले असायचे आणि त्यातल्या एकाचा राग घेऊन मी डबा भरायला घ्यायचे. आता डबा भरताना डोक्यात डबाच असतो, कोथिंबीर घातली का, मुलाला लिंबाची फोड हवी का, असलंच काहीतरी.

सासूबाईंना याचं भारी कौतुक. त्यांच्या सासरी भिंतीवर लंबकाचं घड्याळ होतं, आठवड्यातून एकदा चावी द्यायची आणि ते काम फक्त मामंजींचं, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. ते स्टुलावर चढले की पोरंसोरं गोळा व्हायची म्हणे. दूध आलं का, पेपर आला का, त्याबरोबर आता "चावी दिलीस का गं?" हेही त्या रोज विचारतात, आणि मला ते विचारणं फार आवडतं. कधी कधी मी घड्याळ त्यांच्याच हातात देते, त्यांची बोटं आता दुखतात तरी दहाबारा फेऱ्या देतात.

एकदा भरली की दीड दिवस सहज चालतं. मार्चमध्ये एका रात्री भांडी आवरताना बघितलं तर नऊ चाळीसवर थांबलेलं. वाटलं बिघडलं. मग लक्षात आलं की त्या दिवशी सकाळी चावीच दिली नव्हती, उठल्या उठल्या फोन घेतला होता आणि तशीच धावत निघाले होते, चहा कधी प्याले, प्याले की नाही, तेही आठवेना. अख्खी सकाळ गेली होती आणि ती गेल्याचं मला रात्री पावणेदहाला घड्याळाने सांगितलं. त्यानंतर एकदाही चुकलेलं नाही.

वेळ किती बरोबर दाखवतं? माझं दिवसाला अर्धा मिनिट पुढे जातं. रविवारी जुळवून घेते. ज्यांना सेकंदाबरहुकूम लागतं त्यांनी सेलचं घ्यावं, मला लोकल पकडायची नसते त्यामुळे चालतं. अंधारात काटे चमकत नाहीत. पाणी अजिबात नाही, भांडी घासताना काढायचं, आणि जूनपासून मी ते प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पर्समध्ये ठेवते आणि ऑफिसला पोचून घालते. काच काचेची नाही, अ‍ॅक्रिलिक म्हणजे एक प्रकारचं प्लॅस्टिक आहे, चरे लवकर पडतात पण मऊ फडक्यावर जरा टूथपेस्ट घेऊन हलक्या हाताने घासलं की बारीकसारीक चरे निघतात, मी दोनदा केलंय.

घेताना मात्र सांभाळून. हे माझं दुसरं, पहिलं मी ऑनलाइन मागवलं होतं, जांभळी चकाकती तबकडी, फोटोत सुंदर, हातात आल्यावर अक्षरं तिरकी आणि सेकंद काटा मध्येच अडकायचा. जुन्या घड्याळांच्या तबकड्या नव्याने रंगवून विकणारे खूप आहेत. परत केलं, पैसे यायला महिना लागला आणि त्या महिन्यात मी दहा वेळा फोन केले असतील, मनस्ताप झाला खूप. मग शनिवार पेठेतल्या दुरुस्तीवाल्या काकांकडे गेले. त्यांनी मागचं झाकण उघडून, डोळ्याला भिंग लावून आधी स्वतः बघितलं आणि मग भिंग मला दिलं. आत ते चक्र श्वास घेतल्यासारखं इकडून तिकडे फिरत होतं. दुकानात गिऱ्हाईक होतं तरी त्यांनी घाई केली नाही, मी पोटभर बघितलं.

तर तुमच्या गावात असे कुणी काका असतील तर त्यांच्याकडूनच घ्या, झाकण उघडून दाखवा म्हणा, आणि तीन-चार वर्षांनी साफसफाईला त्यांच्याकडेच द्या. पट्टा १८ मिलिमीटरचा लागतो, मी साधा तपकिरी चामड्याचा घातलाय, अडीचशेचा.