ई-कोर्ट्सचे संकेतस्थळ की न्यायालयाचा नक्कल विभाग?

जिल्हा किंवा तालुका न्यायालयातील दाव्याची पुढची तारीख अथवा सद्यःस्थिती एवढेच पाहायचे असेल, तर ई-कोर्ट्सचे संकेतस्थळ पुरेसे आहे. महाराष्ट्रात ‘एमएच’ने सुरू होणारा सोळा अक्षरांकांचा सीएनआर क्रमांक, म्हणजे प्रत्येक प्रकरणाला मिळणारा स्वतंत्र ओळख क्रमांक, टाकला की प्रकरण विनाशुल्क उघडते. पक्षकाराच्या नावाने शोधताना मात्र रोमन स्पेलिंगने घोळ होतो, आणि जुन्या निकाली दाव्यांचे कागद तेथे बहुधा नसतातच.

तेथून उतरवून घेतलेला निकाल वाचण्यापुरता ठीक. पुरावा म्हणून दाखल करायची प्रमाणित प्रत नक्कल विभागाकडूनच घ्यावी, असे माझे मत आहे. त्यासाठी अर्ज आणि शुल्क भरावे लागते, शिवाय त्रयस्थ अर्जदाराला सहसा कारणही द्यावे लागते. हेलपाटे पडतात, हे खरेच. परंतु प्रतीच्या शेवटी अर्ज केल्याची, नक्कल तयार झाल्याची आणि दिल्याची अशा ज्या तारखा नोंदवलेल्या असतात, त्यांना मोल आहे, कारण मुदत अधिनियम, १९६३ च्या कलम १२ नुसार नक्कल मिळवण्यास लागलेला आवश्यक काळ अपिलाच्या मुदतीतून वगळला जातो. अर्जात लिहायचा दावा क्रमांक मात्र आधी संकेतस्थळावरूनच पडताळून घ्यावा. चुकीच्या क्रमांकाचा अर्ज परत येतो.