मांजराला किती बोलू द्यायचे? मार्जार-गुप्तहेरांच्या चार मालिकांचा तुलनात्मक आढावा

मांजर गुप्तहेर असलेल्या इंग्रजी रहस्यकादंबऱ्या एकदा वाचून पाहाव्यात असे ज्यांना वाटते, त्यांच्यापुढे पहिली अडचण निवडीची येते, कारण या शाखेत सुटे पुस्तक क्वचितच हाती लागते आणि मालिका मात्र लांबलचक असतात. लिलियन जॅक्सन ब्राउन यांची 'द कॅट हू' ही मालिका एकटीच २९ कादंबऱ्यांची आहे. रिटा मे ब्राउन यांची मिसेस मर्फी १९९० मध्ये, कॅरोल नेल्सन डग्लस यांचा मिडनाइट लुई १९९२ मध्ये आणि शर्ली रूसो मर्फी यांचा जो ग्रे १९९६ मध्ये आपापल्या मालिकेच्या पहिल्या कादंबरीतून अवतरले, आणि त्यानंतर या तिन्ही मालिका वर्षानुवर्षे चालत राहिल्या. नावांमुळेही गोंधळ होतो: दोन्ही ब्राउन वेगवेगळ्या लेखिका आहेत आणि त्यांच्या आडनावांचे इंग्रजी लेखनही निराळे आहे, तर मर्फी हे एका मालिकेत मांजरीचे नाव आहे आणि दुसरीत लेखिकेचे आडनाव. या चौघींपैकी सुरुवात कोणापासून करावी, हे गाव, नायिका किंवा खुनांची संख्या पाहून ठरवण्यापेक्षा एकाच गोष्टीवरून ठरवावे असे माझे मत आहे. ती गोष्ट म्हणजे, लेखिकेने मांजराला किती बोलू दिले आहे.

या चारही मालिका 'कोझी मिस्टरी' या प्रकारात मोडतात. खून होतो, पण तो बहुधा पडद्याआड. रक्तपाताची आणि शृंगाराची वर्णने टाळलेली असतात. तपास करणारी व्यक्ती पोलीस खात्यातली नसते. आणि घटना एखाद्या लहानशा, एकमेकांना ओळखणाऱ्या समाजात घडतात. १९३० मध्ये अगाथा ख्रिस्तींच्या कादंबरीत आलेली मिस मार्पल ही या प्रकाराची आजी म्हणता येईल. विणकाम करत बसलेल्या म्हातारीला कोणी खिजगणतीत धरत नाही, म्हणून तिच्यासमोर माणसे मोकळेपणाने बोलतात, आणि तिचे सगळे यश या दुर्लक्षावर उभे असते. मांजराचे काम यापुढची पायरी आहे. त्याच्यासमोर तर कोणीच शब्द गिळत नाही. ते शेजारच्या घरात परवानगीशिवाय जाते, माळ्यावर चढते, रात्री हिंडते, आणि माणसाला साधारण २० किलोहर्ट्झपर्यंतचाच आवाज ऐकू येत असताना त्याला ६० किलोहर्ट्झच्या पलीकडचेही ऐकू येते. कुत्रा माणसाने दाखवलेला माग काढतो. मांजर स्वतःच्या कुतूहलामागे जाते. हौशी गुप्तहेराचा स्वभाव नेमका असाच असावा लागतो.

लिलियन ब्राउन यांचा कोको हा सयामी बोका एक शब्दही बोलत नाही. त्याच्या जन्माची कथा दुःखद आहे. लेखिकेचे स्वतःचे सयामी मांजर दहाव्या मजल्यावरून पडून मरण पावले, कोणीतरी ते ढकलले असावे असा संशय होता, आणि ते दुःख हलके करण्यासाठी त्यांनी लिहिलेली लघुकथा १९६२ मध्ये 'एलरी क्वीन्स मिस्टरी मॅगझिन'मध्ये प्रसिद्ध झाली. 'द कॅट हू कुड रीड बॅकवर्ड्स' ही पहिली कादंबरी १९६६ची, आणि पाठोपाठ १९६७ व १९६८ मध्ये आणखी दोन आल्या. मग तब्बल १८ वर्षे मालिका थांबली. रहस्यकथांच्या बाजारात त्या काळी हिंसेला आणि लैंगिकतेला मागणी वाढली होती, आणि या लेखिकेला तसे लिहायचे नव्हते. वृत्तपत्रातली दीर्घ नोकरी संपवून, सत्तरी ओलांडल्यावर त्यांनी १९८६ मध्ये 'द कॅट हू सॉ रेड' प्रसिद्ध केली आणि २००७ पर्यंत त्या लिहीत राहिल्या.

पहिल्या पुस्तकात जिम क्विलरन हा उताराला लागलेला पत्रकार एका मोठ्या शहरातल्या दैनिकात कलाविषयक लेखनाच्या नोकरीवर रुजू होतो. पूर्वी त्याने गुन्हेवार्ता लिहिलेल्या असतात. चित्रकलेतले त्याला काहीही कळत नसते. तिथल्या एका कुजकट कलासमीक्षकाच्या घरी त्याची कोकोशी गाठ पडते. वर्तमानपत्राच्या मथळ्यावरून हा बोका उजवीकडून डावीकडे नाक फिरवतो. तो खरोखर वाचतो आहे, की शाईचा वास घेतो आहे? लेखिका याचे उत्तर देत नाही, आणि मालिकेची सगळी जादू या न दिलेल्या उत्तरात आहे. पुढच्या पुस्तकांत कोको कपाटातून एखादे पुस्तक खाली पाडतो, अवेळी ओरडतो किंवा एखाद्या वस्तूभोवती घुटमळत राहतो; क्विलरनच्या मिशा फुरफुरतात आणि काहीतरी बिनसले आहे हे त्याला जाणवते. संकेताचा अर्थ लावणे मात्र माणसाचे काम राहते, आणि अर्थातच वाचकाचे. ज्यांच्या घरी मांजर आहे त्यांना ही कसरत रोजची असते: वाटी भरलेली आहे, दार उघडे आहे, तरी ते स्वयंपाकघराच्या कोपऱ्याकडे तोंड करून का बसले आहे, हे आपण सकाळभर शोधत राहतो. ब्राउन यांनी मांजर पाळणाऱ्याची ही सवय उचलून तिचे तपासकार्य केले, आणि मला हा या चारही मालिकांतला सर्वांत अस्सल शोध वाटतो.

या मालिकेतले दोष झाकण्याची गरज नाही. क्विलरनला मोठा वारसा मिळतो आणि कथा 'सगळ्यापासून ४०० मैल उत्तरेला' असलेल्या मूस काउंटी या काल्पनिक भागात स्थिरावते, तिथपासून गावातले समारंभ, जेवणावळी, नाटकमंडळी आणि जुन्या घरांची डागडुजी यांना अधिकाधिक जागा मिळत जाते. मला हे आवडते. पण ज्यांना कोडे सुटण्याची घाई असते त्यांचा धीर सुटू शकतो. शेवटच्या काही पुस्तकांत तर उकल इतकी उरकून टाकलेली आहे की मालिका आवडणाऱ्यालाही वाईट वाटते. म्हणून पहिले पुस्तक, मग दुसरे (त्यात लहान चकचकीत वस्तू लांबवणारी यम यम ही सयामी मांजरी येते), आणि त्यानंतर १९८६चे चौथे, असा क्रम मी सुचवेन.

मिसेस मर्फी ही वाघासारख्या पट्ट्यांची मांजरी व्हर्जिनियातल्या क्रोझे या खऱ्याखुऱ्या गावात राहते. तिची पालक मेरी मायनर हॅरिस्टीन ऊर्फ हॅरी ही गावची पोस्टमास्तरीण आहे, आणि इथेच लेखिकेची हुशारी दिसते, कारण लहान गावातल्या सगळ्यांच्या भानगडी ज्या एका खिडकीपाशी येऊन थांबतात ती खिडकी पोस्टाचीच असते. 'विश यू वेअर हिअर' या पहिल्या पुस्तकात थडग्याचे चित्र असलेली पोस्टकार्डे येऊ लागतात, आणि ज्याला कार्ड येते त्याचा खून होतो. मर्फी, टी टकर ही कॉर्गी कुत्री आणि शेजारच्या किराणा दुकानातली प्यूटर ही लठ्ठ, करडी मांजरी या तिघी आपसांत व्यवस्थित बोलतात. त्यांचे संवाद तिरप्या अक्षरांत छापलेले असतात. माणसांना मात्र त्यातले केवळ म्याव आणि भुंकणे ऐकू येते. पुस्तकावर सहलेखिका म्हणून स्नीकी पाय ब्राउन या लेखिकेच्या मांजरीचे नाव असते.

या युक्तीचा फायदा कोकोच्या मालिकेला कधीच मिळत नाही. वाचक आणि प्राणी यांना धोका कळलेला असतो, हॅरीला तो कळत नाही, आणि मर्फी पोटतिडकीने सांगत असतानाच हॅरी तिला भूक लागली असावी असे समजून खाऊ पुढे करते. या प्रसंगांत जो ताण निर्माण होतो तो शांत संकेतांच्या कथेत येऊ शकत नाही. मात्र मांजराच्या तोंडी भाषा आली की त्याबरोबर मतेही येतात. उत्तरोत्तर मर्फीच्या मालिकेत माणसे काय आणि प्राणी काय, सरकार, कर आणि समाज यांवर लांबलचक बोलू लागतात, आणि तेव्हा मांजरीच्या आडून लेखिकाच बोलत आहे हे लपत नाही. पहिली पाच-सहा पुस्तके या दोषापासून बरीच मुक्त आहेत.

चारही मालिकांमधला फरक एका कल्पित प्रसंगावरून चटकन लक्षात येईल. समजा, एखाद्या घराच्या माळ्यावर खुन्याने लपवलेले हातमोजे मांजराला सापडले. कोको दिवसभर जिन्यापाशी बसून राहील, रात्री हातमोज्याशी नाते असलेल्या नावाचे एखादे पुस्तक कपाटातून पाडेल, आणि क्विलरनला त्याचा अर्थ तीन प्रकरणांनी उमगेल. मिसेस मर्फी टकरला सगळे सांगेल, दोघी मिळून हातमोजा ओढत हॅरीच्या पायाशी आणून टाकतील, आणि हॅरी घाण आणल्याबद्दल रागावेल. मिडनाइट लुई ही हकिगत थेट वाचकाला सांगेल, त्यात स्वतःच्या शौर्याचे वर्णन भरपूर करील, आणि आपल्या पालक बाईला पुरावा अपघाताने सापडल्यासारखे वाटेल अशी व्यवस्था लावेल. जो ग्रे सरळ फोनपाशी जाऊन पोलीस कॅप्टनला निनावी खबर देईल.

लुई हा लास वेगासमधला सुमारे २० पौंडांचा काळा बोका आहे. मांजर आडवे गेले की थबकणाऱ्या आपल्या लोकांसाठी तर तो खास पात्र ठरावा. पत्रकार असताना लेखिकेने १९७३ मध्ये अशाच एका खऱ्या बोक्याविषयी लेख लिहिला होता. त्याच्या प्रकरणांत तो जुन्या अमेरिकन गुप्तहेरकथांच्या टपोरी भाषेत स्वतः निवेदन करतो, आणि उरलेली प्रकरणे टेंपल बार या प्रसिद्धी-व्यावसायिक तरुणीभोवती फिरतात. 'कॅटनॅप' या पहिल्या पुस्तकात ग्रंथविक्रेत्यांच्या संमेलनात एका संपादकाचा खून होतो, आणि त्याच वेळी बेकर व टेलर ही दोन मांजरे नाहीशी होतात. याच नावाची दोन स्कॉटिश फोल्ड मांजरे नेवाडातल्या एका ग्रंथालयात खरोखर राहत असत, ही गोष्ट पुस्तकप्रेमी वाचकाला निश्चित आवडेल. तथापि लुईची मालिका २०१६ पर्यंत चाललेल्या एका सलग प्रेमकथेला आणि जुन्या गुपितांना बांधलेली आहे. मधलेच पुस्तक उचलले तर निम्मे संदर्भ निसटतात, म्हणून दीर्घ वाचनाची तयारी नसेल तर तिच्या वाटेला जाऊ नये.

जो ग्रेची कथा कॅलिफोर्नियातल्या मोलेना पॉइंट या काल्पनिक किनारी गावात घडते. गल्लीत झालेला खून तो डोळ्यांनी पाहतो, खुनी त्याला पाहतो, आणि त्याच सुमारास आपल्याला माणसांची भाषा समजते आणि बोलताही येते हे त्याच्या ध्यानात येते. शेजाऱ्यांचे रेशमी कपडे पळवणारी डल्सी ही त्याची सहचरी फार सुरेख रंगवलेली आहे. ही मालिका कोड्यापेक्षा अद्भुतकथेकडे झुकते. ज्यांना चमत्कार चालतो त्यांनी ती आनंदाने वाचावी. मला मात्र मांजराने फोन उचलला की तपासातला अर्धा रस आटल्यासारखा वाटतो, कारण आता अर्थ लावायला काही उरत नाही.

मराठी माध्यमातून शिकून इंग्रजी वाचनाकडे वळलेल्यांसाठी भाषेचा मुद्दाही महत्त्वाचा आहे. लिलियन ब्राउन यांची वाक्ये वृत्तपत्री शिस्तीची, आखूड आणि स्वच्छ आहेत. शब्दकोशाची गरज क्वचित पडते. रिटा मे ब्राउन यांचे संवाद सोपे आहेत, पण दक्षिणेकडच्या अमेरिकन समाजातली घराणी, नाती आणि जुने मानापमान समजून घ्यायला पहिली पन्नास पाने जातात. शर्ली रूसो मर्फी यांची वर्णने लांब आणि चित्रमय आहेत. लुईची बोली चौघांत सर्वांत अवघड आहे, कारण तिची गंमत जुन्या अमेरिकन गल्लीतल्या शब्दांवर अवलंबून आहे आणि ते शब्द माहीत नसतील तर बोका उगाच आढ्यतेने बोलतो आहे असे वाटते.

इंग्रजीपलीकडची दोन नावे येथे नोंदवली पाहिजेत. जपानमध्ये जिरो आकागावा यांनी १९७८ मध्ये होम्स नावाची तिरंगी मांजरी निर्माण केली, जी कोकोप्रमाणेच न बोलता रक्ताला घाबरणाऱ्या एका पोलीस अधिकाऱ्याला वाट दाखवते. मूक मांजराची कल्पना दुसऱ्या भाषेतही इतकी रुजावी, याचा मला फार आनंद वाटतो. याउलट जर्मनीतली 'फेलिडे' ही १९८९ची कादंबरी मांजर गुप्तहेर आहे म्हणून कोणी मुलांच्या हाती देऊ नये, कारण ती अत्यंत क्रूर आहे आणि कोझी प्रकाराशी तिचा संबंध नाही.

ज्यांनी कधी मांजर पाळलेले नाही त्यांना मिसेस मर्फीपासून सुरुवात करणे सोयीचे जाईल, कारण तिथे प्राण्यांचे मन उलगडून सांगितलेले आहे. ज्यांच्या पायाशी आता, हे वाचताना, एखादी मनी किंवा बोका बसलेला आहे, त्यांनी कोकोच घ्यावा. सुरुवातीच्या पुस्तकांत क्विलरन आणि कोको शब्दकोशाचा एक खेळ खेळतात: बोका जाडजूड कोशात नखे रुतवतो, पान उघडते आणि माणसाने तिथल्या शब्दाचा अर्थ सांगायचा असतो. त्या पानांवर वाचक रेंगाळला, तर पुढची पुस्तके मागवायला हरकत नाही; तिथे कंटाळा आला, तर बाकीच्या २८ कादंबऱ्यांवर पैसे खर्च करू नयेत.