चेक इंजिनचा दिवा आणि माझे २०,५०० रुपये

लिहायला लाज वाटते, पण लिहितो. खंबाटकी घाट संपला आणि डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा लागला. पिकअप ठीक, टेंपरेचर ठीक, वेगळा आवाज नाही. पण मागच्या सीटवर आई, बाहेर अंधार पडत आलेला. पहिलं गॅरेज दिसलं तिथे गाडी वळवली. कुणीही वळवली असती.

पोऱ्याने स्टिअरिंगखाली स्कॅनर जोडला. कोड आला पी०१३५. म्हणजे ऑक्सिजन सेन्सरच्या (धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या भागाच्या) हीटरचं सर्किट, एवढंच. हे आज कळतंय. मालक म्हणाला, "साहेब, सेन्सर गेलाय, कॅट-कॉन चोक झालंय, ईसीएममध्येपण लोचा आहे. असंच नेलंत तर इंजिन बसेल." कॅट-कॉन म्हणजे इंजिनचा धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, ईसीएम म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर.

स्कॅनिंग ५००, सेन्सर ६,८००, कॅट-कॉन सफाई ४,५००, ईसीएम प्रोग्रॅमिंग ७,५००, मजुरी १,२००. पक्कं बिल घेतलं तर वर १८ टक्के जीएसटी, म्हणून मीच कच्च्यावर भागवलं. हो, मीच.

आणि दिवा? तो विझला तेव्हा सेन्सरचं खोकं टेबलावर न फोडलेलं होतं! मी डोळ्यांनी बघितलं. वर आईला म्हणालो, "बघ, गेला दिवा." स्कॅनरवरून कोड पुसला की दिवा विझतो, बिघाड तिथेच राहतो. पंधरा वर्षं गाडी चालवतोय, तरी डोक्यात प्रकाश पडला नाही. जुना सेन्सर मागितला तर म्हणे भंगारात गेला. भंगारात कसला, गाडीतच होता.

तिसऱ्या दिवशी दिवा परत. साताऱ्यातल्या इलेक्ट्रिशियनने बॉनेट उघडून टॉर्च मारला. सेन्सरवर सगळा जुना गंज, आट्यांना पान्याचा ओरखडासुद्धा नाही. वायर मात्र उंदराने कुरतडलेली, आतली तांब्याची तार उघडी. जोडून टेप मारली. ३५० रुपये.

दिवा लुकलुकत असेल तर मात्र गाडी लगेच बाजूला घ्या. तो मिसफायर असतो, म्हणजे इंजिनात इंधन नीट पेटत नसतं, त्यात कॅट-कॉन खरंच जळतं. स्थिर पिवळा असेल आणि गाडी नीट चालत असेल, तर सावकाश आपल्या माणसाकडे न्या. कोडचा फोटो आधी काढा.

चौकीत गेलो. "दिवाणी मॅटर आहे, ग्राहक मंचात जा." गॅरेजवाला म्हणाला, "आमच्याकडून गाडी ओके गेली होती." आरटीओत खिडकीवरच्याने मान वर न करता सांगितलं, गॅरेज आमच्याकडे येत नाही. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, नंबर मिळाला, आठ दिवसांनी मेसेज: तक्रार बंद. कुणी बंद केली, का केली, विचारायचं कुणाला? कर भरताना बरे सगळे ओळखतात!

जिल्हा ग्राहक आयोगात (पूर्वीचा ग्राहक मंच) पाच लाखांपर्यंत फी नाही आणि मुदत दोन वर्षांची, म्हणून तिथे जाणार आहे. पुरावा म्हणून माझ्याकडे वहीच्या पानावरचा हिशेब आणि यूपीआयची पावती. पावतीवर गॅरेजचं नाव नाही, कुठल्याशा किराणा दुकानाचं आहे.