लेक म्बुरो नॅशनल पार्क, युगांडा: गाडीतून उतरून बघायचं जंगल

आफ्रिकेत आलो म्हणजे सिंह आणि हत्ती दिसलेच पाहिजेत असं ज्यांचं पक्कं आहे त्यांनी लेक म्बुरोला येऊ नये, हे आधीच सांगते. हत्ती इथे नाहीत आणि सिंहाच्या आशेवर तर अजिबात येऊ नका. त्यासाठी युगांडातच मर्चिसन फॉल्स आहे, क्वीन एलिझाबेथ आहे, तिकडे जा. पण हत्ती-सिंह नाहीत म्हणूनच इथे जे करायला मिळतं ते त्या मोठ्या पार्कांत इतक्या सहज मिळत नाही. रेंजरबरोबर झेब्र्यांच्या कळपाजवळून पायी चालायचं, घोड्यावर बसून माळावर फिरायचं, बोटीतून पाणघोडे बघायचे आणि रात्री सर्चलाइट घेऊन परत बाहेर पडायचं. माझ्या मते युगांडातल्या सगळ्या सफारींमध्ये पैसे वसूल होणारी ही जागा आहे आणि लोक तिला उगाच हलक्यात घेतात.

पार्क छोटा आहे, साधारण 370 चौरस किलोमीटर, युगांडाच्या गवताळ पार्कांमधला सगळ्यात लहान. कंपालाहून मसाका-म्बारारा हायवेने 230 किलोमीटरच्या आसपास, पण अंतरावर जाऊ नका, ट्रॅफिक आणि गावागावातले स्पीडब्रेकर धरून साडेचार-पाच तास जातातच. वाटेत कायाब्वेला विषुववृत्त लागतं, तिथे सगळे फोटोला थांबतात, तुम्हीपण थांबाल.

आम्ही कंपालात राहतो, त्यामुळे भारतातून कोणी आलं की आमची पहिली सहल हीच. यावेळी नागपूरहून ताई, भाऊजी आणि भाची आली होती. भाऊजींची अर्धी हयात ताडोब्यात जिप्सीत बसून गेलीय, तिथले सगळे गेट त्यांना पाठ, त्यामुळे वाघ नाही, सिंह नाही मग बघायचं काय असा त्यांचा चेहरा मला पहिल्या दिवशी दिसतच होता. दुसऱ्या दिवशी पायी फिरून आल्यावर तेच म्हणाले, "अगं, इतकी वर्षं जंगल बघितलं पण जंगलात पाय कधी ठेवलाच नव्हता." ताडोब्यात सफारी म्हणजे पाय गाडीच्या खाली ठेवायचा नाही, आणि वाघाच्या जंगलात ते बरोबरच आहे, पण त्यामुळे आपल्याकडच्या जंगलवेड्या माणसाला ही वॉकिंग सफारी किती मोठी वाटेल ते इथे आल्याशिवाय कळायचं नाही.

तर वॉकबद्दल नीट लिहिते. सकाळी उजाडल्या उजाडल्या निघा, उशीर केला तर ऊन चढतं आणि जनावरं झाडोऱ्यात शिरतात. बंदूकधारी रेंजर पुढे, बाकीचे एका ओळीत मागे. इथे रानम्हशी आहेत, बिबटे आहेत, तरस आहेत, त्यामुळे बंदूक शोभेची नाही हे मुलांना आधीच समजावून सांगा. विषुववृत्त जवळ असलं तरी जागा समुद्रसपाटीपासून 1200 मीटरच्या वर आहे, पहाटे चांगलंच गार असतं आणि दव पडून गवत ओलं असतं, म्हणून जाड पँट आणि बंद बूट हवेतच, सँडल घालून कोणी येऊ नका.

गाडीतून जनावर दिसतं, पायी गेल्यावर जनावराचा सगळा संसार दिसतो. आमच्या रेंजरने एका जागी थांबून पांढरी, खडूसारखी विष्ठा दाखवली, ती तरसाची, हाडं चावून खातात म्हणून तिला तो रंग येतो. थोडं पुढे गवतात खोल दबलेली वाट होती, ती पाणघोड्यांची, रात्री तळ्यातून वर येऊन चरतात आणि त्याच त्याच वाटेने परत जातात. इम्पाला नावाच्या हरणाच्या मागच्या पायाला, घोट्याच्या जरा वर, काळ्या केसांचा झुपका असतो, तिथे गंधाची ग्रंथी असते. हे फोटोत कितीदा दिसलं असेल पण लक्षात कधीच आलं नव्हतं, पन्नास-साठ पावलांवर नर मान वळवून उभा राहिला तेव्हा भाचीनेच आधी बोट दाखवलं. युगांडात इम्पाला बघायचे तर मुख्यतः इथेच, आणि झेब्रे तर मर्चिसन किंवा क्वीन एलिझाबेथमध्ये नाहीतच, इथे मात्र कळपच्या कळप. झेब्रा कसा ओरडतो हेपण आम्हाला इथेच कळलं, घोड्यासारखं खिंकाळणं नाही, कुत्र्याच्या पिल्लाने भुंकावं तसा तुटक आवाज. कळपातला एक आपल्याकडे तोंड करून उभा राहतो, बाकीचे चरत राहतात, आपण दोन पावलं पुढे टाकली की सगळा कळप तेवढाच मागे सरकतो, जास्त नाही.

इलँड मात्र लांबूनच बघायचा. हरणांच्या जातीतला सगळ्यात थोराड, बैलाएवढा, पण भलताच लाजाळू. तो चालताना पायातून टक टक आवाज येतो असं रेंजर म्हणाला, आम्हाला वाऱ्यामुळे ऐकू आला नाही.

सगळीकडे बाभळी फार माजल्यात, हे इथलं खरं दुखणं आहे. हत्ती नाहीत, त्यामुळे झाडं मोडणारं कोणी नाही, आणि जिथे आधी मोकळं गवत होतं तिथे काटेरी झुडपं वाढत चाललीत. 2015 मध्ये युगांडा वाइल्डलाइफ अथॉरिटीने मर्चिसन फॉल्समधून 15 जिराफ इथे आणून सोडले. बाभळीचा पाला हेच त्यांचं मुख्य खाणं, आणि टुरिस्टला बघायला एक मोठं जनावरही मिळालं. आता ते छान रुळलेत, पिल्लंही झालीत. जिराफ बघायचे असतील तर रेंजरला आधीच सांगा, म्हणजे तो त्यांच्या भागातून नेईल.

बोटीची फेरी साधारण दोन तासांची, ती संध्याकाळची घ्या. तळ्याच्या काठाला पपायरसची, म्हणजे उंच पाणगवताची दाट रांग, त्याच्या कडेकडेने बोट हळू चालते. पाणघोडे इतके जवळ की पाण्यावर आल्यावर नाकपुड्या उघडून फुस्स करतात तो फवारा दिसतो. मगरी काठावर तोंड उघडं टाकून पडलेल्या. पक्ष्यांचं वेड असेल तर इथे जीव रमेल, आपल्याकडचा कवड्या खंड्या इथेही आहे, पाण्यावर एका जागी फडफडत थांबतो आणि दगडासारखा खाली येतो, ताईने तर लगेच ओळखला. मत्स्यगरुडाच्या जोड्या वाळक्या फांद्यांवर बसलेल्या असतात. पण पक्षीवाले इथे मुख्यतः येतात ते आफ्रिकन फिनफुटसाठी, लाल चोच, लाल पाय, आणि पाण्यावर झुकलेल्या फांद्यांखालून सावलीसावलीने पोहत जाणारा फार भित्रा पक्षी. बोटवाल्याला त्याच्या जागा माहीत होत्या, एका ठिकाणी इंजिन बंद करून त्याने आम्हाला थांबवलं आणि खरंच निघाला तो, पाच-सात सेकंद, आणि परत आत. हे तळं आणि आजूबाजूची दलदल 2006 पासून रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत आहे, परिसरातल्या तळ्यांपैकी पाच पार्कच्या हद्दीत येतात.

घोड्यावरची सफारी मिहिंगो लॉजवरून होते. मला घोड्याची भीती म्हणून मी गेले नाही, ताई आणि भाची गेल्या. त्यांचं म्हणणं, झेब्रे आणि इम्पाला घोड्याला आपल्यातलाच समजतात, पायी गेल्यावर जेवढे लांब राहतात त्याच्या निम्म्यावर येऊ देतात. अगदी नवखे असाल तरी चालतं, सोबत माणूस असतो, पण तसं आधी सांगून ठेवा म्हणजे शांत घोडा देतात. खर्च मात्र बराच आहे.

नाइट ड्राइव्हला नशीब लागतं हे मान्य, पण बिबट्यासाठी हे पार्क चांगलं मानतात आणि तो दिसला तर बहुतेक रात्रीच दिसतो. आम्हाला बिबट्या दिसला नाही. झाडावर बुशबेबी, म्हणजे मोठ्या डोळ्यांचे छोटे निशाचर प्राणी दिसले, म्हणजे आधी नुसते लालसर डोळे चमकतात आणि मग ते डोळे एका फांदीवरून दुसरीवर उडी मारतात, भाची अजून त्याचीच नक्कल करतेय. जेनेट म्हणजे मांजरासारखं ठिपकेदार जनावर दिसलं, पांढऱ्या शेपटीचं मुंगूस दिसलं. दिवसभर तळ्यात दिसलेले पाणघोडे रस्त्यालगत चरत होते तेव्हा ड्रायव्हरने लाइट कमी करून गाडी लांब थांबवली, ते मला आवडलं. रात्री अंगावर जॅकेट हवंच.

आता तक्रार. आमचं पहिलं बुकिंग कंपालातल्या एका टूरवाल्याकडून होतं आणि त्याने लेक म्बुरो म्हणजे गोरिला बघायला ब्विंडीला जातानाचा एक रात्रीचा मुक्काम एवढंच धरलं होतं. संध्याकाळी पोचा, झोपा, सकाळी गाडीतून एक चक्कर आणि चला पुढे. वॉकचं बोलला होता पण रेंजरचं बुकिंगच केलं नव्हतं, बोटीचंपण तेच. बहुतेक टूरवाले असंच पॅकेज विकतात, त्यामुळे लोक येऊन जातात आणि म्हणतात काय विशेष नाही. तुम्ही बुक करताना वॉक, बोट आणि नाइट ड्राइव्ह तिन्ही नावं लिहून घ्या, आणि दोन रात्री मागा. एंट्रीचं तिकीट 24 तासांचं असतं, दुपारी आत गेलात तर संध्याकाळची बोट, रात्रीची ड्राइव्ह आणि सकाळची वॉक एकाच तिकिटात बसतात. या सगळ्याचे पैसे एंट्रीपेक्षा वेगळे, गेटवर कार्ड किंवा मोबाइल मनीची तयारी ठेवा.

पार्कच्या बाहेर पडलात की लांबच लांब शिंगांच्या अंकोले गाई दिसतील आणि बऱ्याचदा त्यांच्यातच चरणारे झेब्रेही. ते बघून गोड वाटतं पण त्यामागे दुखरी गोष्ट आहे. 1983 मध्ये इथे नॅशनल पार्क जाहीर झालं तेव्हा गाई पाळणाऱ्या बहिमा लोकांना घरंदारं सोडून हुसकावलं, काही वर्षांत सरकार बदललं तसे लोक परत आले, रागाच्या भरात जनावरं मारली गेली आणि शेवटी पार्कच छोटा करावा लागला. आता कायद्याने एंट्रीच्या पैशातला 20 टक्के वाटा आसपासच्या वस्तीला जातो. मला विचाराल तर तो अजून वाढायला हवा, कारण झेब्र्यांना हद्द कळत नाही आणि ते चरतात ते याच लोकांच्या कुरणात. गावातल्या गाईडबरोबर एखादी फेरी नक्की मारा, दूध-तुपाची त्यांची लाकडी भांडी बघण्यासारखी असतात.

राहायला रुओन्योला, म्हणजे पार्कच्या मुख्य ठाण्यावर, पार्कच्याच साध्या खोल्या आणि तंबूची जागा आहे, तळ्याकाठी तंबू टाकलात तर रात्री पाणघोडे आसपास येतात, अंधारात एकट्याने टॉयलेटला जाऊ नका. शाकाहारी लोकांनी काळजी करू नये, माटोके म्हणजे उकडलेली हिरवी केळी आणि त्यावर शेंगदाण्याचा दाट रस्सा सगळीकडे मिळतो, आपल्या लोकांना तो आवडतोच. तरी आम्ही दशम्या आणि लसणाची चटणी नेली होती, ती रेंजरनेपण खाल्ली.

जून ते ऑगस्ट किंवा डिसेंबर ते फेब्रुवारी या, कोरड्यात जनावरं तळ्याजवळ गोळा होतात. मुंबईहून एंटेबीला थेट विमान 2023 पासून आहे. यलो फीव्हरची लस निघण्याच्या किमान 10 दिवस आधी घ्या आणि लस घेतल्याचं पिवळं कार्ड पासपोर्टलाच जोडून ठेवा, भारतात परत उतरतानाही ते मागतात, नसेल तर क्वारंटाइनमध्ये ठेवू शकतात. मलेरियाच्या गोळ्यांचं डॉक्टरांना विचारा, तळ्याकाठी डास आहेत.